फोर-नेक-टू: अँटेनाच्या पाठीमागचं खरं सांगणारं सॉफ्टवेअर

उद्यमनगरात माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे आणि घराच्या गच्चीवर रेडिओ. हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना काढून बरीच वर्षं झाली. फोर-नेक-टू हे अँटेनाचा हिशेब करणारं सॉफ्टवेअर मी गेली चार वर्षं जवळजवळ दर रविवारी उघडतो. आज त्यातल्या एकाच कामाबद्दल लिहितो: अँटेनाचा फ्रंट-टू-बॅक रेशो, म्हणजे पुढची ताकद पाठीमागच्याच्या किती पट, तो त्यात कसा मोजायचा आणि त्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा. गेन (एका दिशेला किती जोर) किती, एसडब्ल्यूआर (केबल आणि अँटेनाचा मेळ) किती हे सगळेच बघतात. पाठीमागं काय चाललंय हे फार थोडे बघतात, आणि माझं अडलं होतं ते तिथंच.

२०१९ च्या ऑगस्टातला पूर कोल्हापूरकरांना सांगायला नको. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, ती कधीच मागं पडली होती. शिरोलीजवळ हायवे बंद, नदीकाठच्या पेठा पाण्यात, आमच्या भागात वीज नाही. माझा एक मित्र पन्हाळ्यावर होता, हातातला पाच वॅटचा सेट आणि बॅटरी उतरत आलेली. त्याच फ्रिक्वेन्सीवर कागलच्या बाजूला एक मोठं बेस स्टेशन सुरू होतं. एफएममध्ये दोन सिग्नल एकदम आले की जोराचा सिग्नल दुसऱ्याला पार गिळून टाकतो, खरखरसुद्धा ऐकू येऊ देत नाही. मित्र बोलतोय हे मला माहीत होतं, कारण कागलवाला थांबला की त्याच्या वाक्याचं शेपूट कानावर पडायचं. गच्चीवर साधा उभा अँटेना होता, तो चारी दिशांनी सारखंच ऐकतो. तेव्हाच ठरवलं, तोंड पन्हाळ्याकडं आणि पाठ कागलकडं असलेला यागी पाहिजे, म्हणजे ओळीत नळ्या बसवलेला, एकाच दिशेला जोरात ऐकणारा अँटेना.

पूर ओसरल्यावर एका विक्रेत्याकडून तीन एलिमेंटचा, म्हणजे तीन नळ्यांचा, तयार यागी मागवला. पत्रकावर ठळक छापलं होतं, फ्रंट-टू-बॅक २५ डीबी. म्हणजे पुढून जेवढी ताकद, त्याच्या तीनशे भागांपैकी एक भाग पाठीमागून. गच्चीवर लावला, फिरवून बघितला, तर पुढं आणि मागं कानाला फरक जेमतेम. विचारलं तर उत्तर आलं, लॅबमध्ये तेवढाच येतो. कुठल्या कोनावर, कुठल्या फ्रिक्वेन्सीवर, कशावर बसवून, याचा पत्ता नाही. तो यागी अजून वर्कशॉपच्या माळ्यावर पडून आहे.

फोर-नेक-टू माझ्याकडं आलं ते पुतणीमुळं. ती इंजिनिअरिंगला, ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) शाखेला होती. एका सुट्टीत तिनं माझ्या जुन्या विंडोज लॅपटॉपवर हे टाकून दिलं आणि म्हणाली, "काका, पत्रकावरचं सोडा, नळ्या मोजा आणि यात घाला." आरी फोर्स (Arie Voors) यांनी बनवलेलं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. आत जे गणित चालतं ते नेक-टू, अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत बर्क आणि पोजिओ यांनी लिहिलेलं, १९८१ चं. पंच कार्डांच्या काळातल्या फोरट्रान भाषेतलं ते, म्हणून त्यातल्या प्रत्येक ओळीला अजून 'कार्ड' म्हणतात. तारेचं कार्ड जीडब्ल्यू, फीडचं (केबल जोडायच्या जागेचं) ईएक्स, फ्रिक्वेन्सीचं एफआर, पॅटर्नचं (कुठल्या दिशेला किती ताकद याच्या चित्राचं) आरपी. चाळीस वर्षांपूर्वीचं आहे म्हणून नाक मुरडू नका. सरळ नळ्यांच्या अँटेनासाठी ते आजही पक्कं आहे, आणि माझ्या दहा वर्षं जुन्या लॅपटॉपवर तीन एलिमेंटचा हिशेब बटण दाबून हात उचलायच्या आत पुरा होतो.

दिसायला मात्र ते साधं आहे. राखाडी खिडक्या, बारीक अक्षरं, सगळा कारभार एफ-कीवर. एफ-७ ला हिशेब, एफ-४ ला पॅटर्न, एफ-३ ला आकृती, एफ-५ ला आलेख, एफ-१२ ला ऑप्टिमायझर, म्हणजे मापं स्वतःच बदलून चांगलं उत्तर शोधणारा भाग. पहिले दोन दिवस मी नुसता खिडक्या उघडत आणि मिटत होतो. तिसऱ्या दिवशी हात बसला. नव्या माणसानं पहिल्यांदा त्याच्यासोबत येणारी यागीची एखादी नमुना फाइल उघडावी, एक नळी सेंटिमीटरभर लांब-आखूड करावी आणि एफ-७ दाबून पॅटर्न कसा हलतो ते बघत बसावं. पुस्तक वाचून जे कळत नाही ते त्या अर्ध्या तासात कळतं.

आता माझा यागी. फ्रिक्वेन्सी १४५ मेगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी २ मीटर ७ सेंटिमीटर. नळ्या १० मिलिमीटरच्या ॲल्युमिनियमच्या. मागची नळी रिफ्लेक्टर १०२ सेंटिमीटर, केबल जोडलेली मधली ड्रिव्हन ९६, पुढची डायरेक्टर ९१, मधलं अंतर चाळीस-चाळीस. हिशेबासाठी फाइलमध्ये प्रत्येक नळीचे २१ तुकडे केले. तुकडे विषम हवेत, म्हणजे फीड बरोबर मधल्या तुकड्यावर बसतो. इथं पहिली चूक मी केली. वाटलं जितके तुकडे जास्त तितका हिशेब बारीक, म्हणून ४१ केले. आकडे हलले आणि मी खूश. पुतणीनं फोनवर विचारलं, "तुकडा किती लांब झाला आणि नळीची त्रिज्या किती?" तुकडा साधारण २४ मिलिमीटर, त्रिज्या ५. नेक-टू नळीला बारीक तार समजून हिशेब करतं. तुकडा त्रिज्येच्या निदान आठपट लांब असावा, नाहीतर गणिताची गृहीतंच ढासळतात. २१ तुकड्यांना तो ४३ ते ४९ मिलिमीटर येतो, आठपटीच्या वर. म्हणून २१ च ठेवले. जाड नळी वापरणाऱ्यांनी हे आधी तपासावं. पुढून गेन फारसा हलत नाही, पण पाठीमागचा आकडा हा दोन मोठ्या गोष्टी एकमेकींना खोडून उरलेला बारीक शिल्लक असतो. त्यात चिमूटभर चूकही मोठी होते.

दुसरी तपासणी ॲव्हरेज गेनची. मोकळ्या अवकाशात, तोटा नसलेल्या धातूचा अँटेना धरला तर सगळ्या दिशांना मिळून जेवढी ताकद आत गेली तेवढीच बाहेर पडली पाहिजे, म्हणजे उत्तर १ च्या आसपास. ते तसं आलं नाही तर पुढचा कुठलाच आकडा वाचू नये. एवढं करूनच मी फ्रंट-टू-बॅककडं वळतो.

आणि खरी भानगड इथं सुरू होते. फ्रंट-टू-बॅक म्हणजे नेमकं काय? पुस्तकी अर्थ साधा आहे: नाकासमोरची ताकद भागिले बरोबर १८० अंशावरची. १० डीबी म्हणजे दहापट, २० म्हणजे शंभरपट, ३० म्हणजे हजारपट. पण पाठ म्हणजे एक टिंब नव्हे. फोर-नेक-टूचा ऑप्टिमायझर दोन वेगळी खाती ठेवतो, फ्रंट-टू-बॅक आणि फ्रंट-टू-रिअर. दुसरं म्हणजे मागच्या भागातला सगळ्यात मोठा फुगवटा धरून काढलेला आकडा. एम-माना-गाल हे दुसरं फुकट सॉफ्टवेअर मागचा एक पट्टाच धरतं, आडवा १२० अंश आणि उभा ६० अंश, आणि त्यातलं सगळ्यात मोठं घेतं. माझा यागी दोन्हींत घातला तर एकाच नळ्यांना दोन आकडे, आणि फरक पाच डीबीचा. त्या रात्री मला वाटलं दोन्हींतलं एक सॉफ्टवेअर बिघडलंय. कुणीच चुकत नव्हतं. दोघं वेगळ्या पाठी मोजत होते.

म्हणून नकाशा उघडला. माझ्या गच्चीवरून पन्हाळा वायव्येला, सुमारे १८ किलोमीटर. त्याच्या बरोबर उलट दिशेला रेघ ओढली तर ती कागलवरून जात नाही. कागल त्या रेघेपासून पंधराएक अंश बाजूला आहे. इचलकरंजी, जिथं दुसरं जोराचं स्टेशन आहे, ती रेघेपासून चाळीसएक अंश बाजूला. म्हणजे बरोबर १८० अंशावर माझ्या कामाचं कुणीच नाही! मला हवे होते दोन आकडे, १६५ अंशाचा आणि १४० अंशाचा, आणि कुठल्याच पत्रकावर ते छापलेले नसतात.

फोर-नेक-टूवर माझा जीव जडला तो इथं. ते नुसता एक आकडा फेकून मोकळं होत नाही. हिशेब झाला की आउटपुटची साधी टेक्स्ट फाइल मिळते, तिच्यात प्रत्येक कोनाची ओळ असते. थीटा (उभा कोन), फाय (आडवा कोन), उभ्या पोलरायझेशनचा (लहरीच्या उभ्या दिशेचा) गेन, आडव्याचा, एकूण. मी ती फाइल उघडतो, बोट ठेवून शून्य अंशाची ओळ वाचतो, मग १६५ ची, मग १४० ची, आणि वजाबाकी वहीत करतो. थीटा डोक्यावरून खाली मोजतात हे लक्षात ठेवायचं. क्षितिज म्हणजे थीटा ९०.

ऑप्टिमायझरला पहिल्यांदा मी फक्त फ्रंट-टू-बॅक वाढवायला सांगितलं. नळ्यांच्या लांबीला एसवाय कार्डानं नावं दिली, एफ-१२ दाबलं आणि चहा घेऊन आलो तर ३८ डीबी! मी लगेच पुतणीला फोटो पाठवला. तिचं उत्तर: "आता एफ-५ वर १४४ ते १४६ स्वीप लावा, सगळ्या फ्रिक्वेन्सींचा आकडा बघा." लावला. १४५.० ला ३८ चं टोकदार शिखर आणि दोन्ही कडांना १९ आणि १७. गेन अर्ध्या डीबीहून जास्त घसरलेला, फीडचा रोध १८ ओहम. इचलकरंजीच्या कोनावर तर फक्त १७. एका फ्रिक्वेन्सीवर, एका टिंबावर खोल विहीर खणून ऑप्टिमायझरनं मला हवं ते दाखवलं होतं. पावसात नळ्यांवर पाणी बसलं तरी ती विहीर जागची हलेल. दुसऱ्यांदा गेन, एसडब्ल्यूआर आणि फ्रंट-टू-रिअर तिघांना वजन दिलं. १८० अंशावर २४, कागलला २३, इचलकरंजीला १९, आणि सबंध बँडभर दोन-तीन डीबीच्या आत. मी हाच बांधला. दिसायला ३८ पेक्षा लहान, पण माझ्या कामाचा हाच.

ज्यांच्या यागीच्या नळ्या आडव्या असतात त्यांना कदाचित प्रश्न पडेल की १४० अंशाची एवढी काळजी कशाला. एफएमवर आपण यागी उभा, म्हणजे नळ्या उभ्या ठेवून लावतो. उभ्या यागीचं जमिनीलगतचं चित्र आडव्यापेक्षा वेगळं असतं. आडव्याला बाजूला, नळ्यांच्या टोकांकडं, आपोआप खड्डा मिळतो. उभ्याला तो मिळत नाही. माझ्या मॉडेलमध्ये ९० अंशाला फक्त १० डीबीचा फरक आहे. त्याच फाइलमधली नळी उभ्याची आडवी करून बघा, चित्र डोळ्यांसमोर बदलतं.

जमीन चालू केली की आणखी एक गोष्ट नव्या माणसाला घाबरवते. पहिल्यांदा मी रिअल ग्राउंड (खरी जमीन) निवडून थीटा ९० चा गेन वाचला तर -९९९.९९. लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. पुन्हा -९९९.९९. तो बिघाड नव्हे. जमीन धरली की अगदी क्षितिजावर दूरचं क्षेत्र शून्य होतं आणि शून्याचा लॉग निघत नाही, म्हणून ते असं लिहितं. माझा अँटेना जमिनीपासून १० मीटरवर, तेव्हा पहिला लोब, म्हणजे पॅटर्नमधला फुगवटा, साधारण तीन अंश वर येतो. मी पुढचं आणि मागचं दोन्ही थीटा ८७ लाच वाचतो. पुढचं एका उंचीवर आणि मागचं दुसऱ्या उंचीवर वाचून केलेल्या वजाबाकीला काही अर्थ नाही.

आता गच्चीवरची परीक्षा, कारण कागदावरचं मी किती दिवस बघत बसणार. मित्र पन्हाळ्यावर ठरल्या वेळी कमी पॉवरवर कॅरिअर, म्हणजे न बोलता नुसता सिग्नल, धरून बसला. मी यागी दहा-दहा अंशांनी फिरवत होतो आणि पुतणी खाली लॅपटॉपवर आरटीएल-एसडीआर डोंगलचा (लॅपटॉपला लावायच्या छोट्या रिसीव्हरचा) आकडा लिहीत होती. डोंगलचं ऑटोमॅटिक गेन बंद ठेवायचं, नाहीतर तोच सिग्नल वर-खाली करून सगळं सपाट करतो. आकडे खरे आहेत ना हे बघायला मध्ये सिग्नल १० डीबीनं कमी करणारा ॲटेन्युएटर घातला, डोंगलनं १० च दाखवले. सेटच्या पडद्यावरच्या पट्ट्या मोजून फ्रंट-टू-बॅक सांगणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, त्या पट्ट्या म्हणजे डीबी नव्हेत.

निकाल: सॉफ्टवेअर म्हणतं २४, गच्ची म्हणते १२.

मी हताश होऊन पायरीवर बसलो. पुतणी वर आली, यागीकडं बघत उभी राहिली आणि म्हणाली, "काका, हा खांब फाइलमध्ये कुठाय?"

खांब! दीड इंची जीआय पाइप, बूमच्या (नळ्या धरणाऱ्या दांड्याच्या) मधोमध क्लॅम्प केलेला, नळ्यांसारखाच उभा. बूम आडवा असतो, नळ्यांशी काटकोनात, म्हणून तो फारसा त्रास देत नाही. माझ्या नळ्या नायलॉनच्या बुशांवर बूमपासून अलग आहेत, त्यामुळं तोही प्रश्न नव्हता. पण उभ्या नळ्यांमध्ये उभा पाइप म्हणजे चौथा एलिमेंटच की! खाली बसून जीडब्ल्यूची आणखी एक ओळ घातली, तीन मीटरचा पाइप, आणि एफ-७. फ्रंट-टू-बॅक १३. एफ-३ च्या खिडकीत करंट दाखवायला लावला तर पाइपवर करंट स्पष्ट दिसत होता. गच्चीवरचे १२ आणि फाइलमधले १३. तो क्षण मी विसरणार नाही. माझी मोजणी बरोबर होती, सॉफ्टवेअरही बरोबर होतं, मी त्याला अर्धाच अँटेना सांगितला होता. माळ्यावरच्या त्या तयार यागीचा क्लॅम्पही बूमच्या मधोमधच होता.

मग उपाय फाइलमध्येच शोधला. पाइप रिफ्लेक्टरच्या मागं २० सेंटिमीटरवर नेला, ३० वर, ४० वर. चाळीसला २२ आले, तिथं थांबलो. बूम मागून वाढवला, क्लॅम्प टोकाला नेला, वजन एका बाजूला आलं म्हणून खालून तिरका टेकू वेल्ड केला. केबल ड्रिव्हनपासून खाली न सोडता बूमवरून मागं आणली आणि फीडजवळ फेराइटचे मणी घातले, कारण बाहेरून करंट वाहणारी केबल हाही एक लपलेला एलिमेंटच. पुढच्या रविवारी पुन्हा मोजलं: १९. उरलेले तीन डीबी बहुधा शेजारच्या गच्चीवरच्या पत्र्यातून आणि आमच्या टाकीच्या लोखंडी सांगाड्यातून परतून येतात. शहरात एवढं चालायचं. २५ च्या वरचे फ्रंट-टू-बॅक गच्चीवर मोजणं अवघड आहे. मागून येणारा खरा सिग्नल इतका लहान होतो की कुठल्याही भिंतीवरून उडालेला सिग्नल त्याच्यापेक्षा मोठा ठरतो.

पर्यायांबद्दल थोडं. ईझेडनेक हे रॉय लेवॉलन यांचं सॉफ्टवेअर पूर्वी विकत घ्यावं लागे, २०२२ पासून तेही फुकट आहे आणि शिकायला जास्त सोपं. एम-माना-गाल सगळ्यात पटकन हाताला बसतं. पुतणीच्या लॅबमध्ये मोठी थ्रीडी सॉफ्टवेअर आहेत, पॅच अँटेना, डायइलेक्ट्रिक, मोबाइलचं कवच यांना तीच लागतात, तिथं नेकचा उपयोग नाही. एकदा तिनं तिथली छापील पानं आणली, त्यावर फ्रंट-टू-बॅक नुसतं २० लिहिलेलं. मी म्हटलं वा, वीस डीबी. तर ते साधं गुणोत्तर होतं, म्हणजे १३ डीबी. आकड्यापुढं एकक आहे का हे आधी बघावं.

फोर-नेक-टूची मर्यादाही सांगतो. नळी टप्प्याटप्प्यानं बारीक होत गेली, जाड नळीत बारीक नळी सरकवलेली असली, तर नेक-टू चुकतं. एचएफचे (कमी फ्रिक्वेन्सीचे) मोठे यागी असेच असतात, तिथं सुधारणा केल्याशिवाय आकडा घेऊ नये. मॅक आणि लिनक्सवाल्यांना सरळ चालत नाही. मदतीचा मजकूर इंग्रजीत आणि घट्ट. पण एवढ्यासाठी पैसे मागितले असते तरी मी दिले असते.

यंदा जुलैत नदी चढायला लागली तेव्हा एका संध्याकाळी मित्र पन्हाळ्यावरून बोलत होता आणि मध्येच कागलवाला सुरू झाला. पूर्वी तिथंच वाक्य तुटायचं. या वेळी मागं हलकी खरखर आली आणि मित्राचा आवाज चालूच राहिला, रस्ता कुठं खचलाय ते सांगत. मी वहीत लिहून घेत होतो, पुतणी दारात उभी राहून ऐकत होती.

आता ४३५ मेगाहर्ट्झचा सात एलिमेंटचा बांधायला घेतलाय. फाइल तयार आहे, खांबासकट.